विश्लेषण : पद्मिनीच्या दांड्यापासून पॅडल शिफ्टपर्यंत… वालचंद हिराचंद यांचे मोटार-स्वप्न काय होते?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कोंडीला कंटाळलेले अनेक चालक आता क्लच पेडल नसलेल्या गाडीकडे वळत आहेत. छोट्या मोटारींतही ड्युएल क्लच गिअरबॉक्स आणि स्टेअरिंगमागे पॅडल शिफ्टर मिळू लागले आहेत. मात्र स्टेअरिंगजवळ गिअर बदलणे या भागाला नवे नाही. प्रीमियर पद्मिनीचा गिअरचा दांडा तिथेच असे. ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांच्या जीवनाविषयी…

वालचंद हिराचंद कोण होते?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात वालचंद यांचे मन रमले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि तिथून त्यांची वाट बदलली. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणारी जलवाहिनी ही मोठी कामे त्यांच्या हातून झाली. कल्याणहून पुण्याला जाणारा प्रवासी आजही त्याच घाटातून जातो, तर तानसा तलाव ठाणे जिल्ह्यातच आहे. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

जहाज, विमान आणि मोटार : तिन्ही उद्योगांत ते कसे उतरले?

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाची कोंडी केली, तरी ती टिकली.

मोटारीचा विचार १९३० च्या दशकातला. त्या वेळी भारतात परदेशी कंपन्या सुटे भाग आणून गाड्या जोडत असत. वालचंद यांना इंजिन, गिअरबॉक्ससह पूर्ण गाडी येथे बनवायची होती. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी मात्र जमली. त्याच प्रवासात विल्यम पॉली या विमान उद्योजकाची गाठ पडली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरुत हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी जन्माला आली. तीच आजची ‘एचएएल’. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली.

मग मोटार कारखाना मागे का राहिला?

विमान कारखाना युद्धासाठी हवा होता, मोटार कारखाना नको होता, हे त्याचे थोडक्यात कारण. म्हैसूरचे माजी दिवाण एम. विश्वेश्वरय्या यांच्यासारखे अभियंते मोटार कारखान्याच्या बाजूने होते. मात्र हा उद्योग युद्धोपयोगी मानण्यास ब्रिटिश सरकार तयार झाले नाही. त्यामुळे यंत्रसामग्री आणणे अवघड झाले आणि काही वर्षे वाया गेली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. क्रायस्लरच्या सहकार्यामुळे त्यांवर डॉज, डिसोटो अशी नावे होती.

वालचंद यांनी उभारलेले दोन मोठे उद्योग त्यांच्या हातात राहिले नाहीत. विमान कारखान्याचा कारभार सरकारने १९४२ मध्ये ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या कारखान्यात बांधलेल्या ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, पण १९५२ मध्ये तिथेही सरकारचा मोठा वाटा आला. मोटार कंपनी तेवढी खासगी राहिली.

पद्मिनी त्यांनी पाहिली का?

नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते उद्योगातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या धोरणासाठी ते झगडले, ते सरकारने त्याच सुमारास स्वीकारले. ज्यांच्याकडे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्याच कंपन्यांना वाव मिळू लागला. जनरल मोटर्स आणि फोर्डने येथील जुळणी बंद केली.

१९५४ पासून प्रीमियरने फियाट ११०० आणली. तिचेच रूप १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाले. चार गिअर, स्टेअरिंगच्या दांड्यालगत गिअरचा दांडा आणि पुढे सलग बाक, अशी तिची रचना. ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली.

कल्याण-डोंबिवलीशी संबंध काय?

प्रीमियरचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ होता. कल्याण-शिळ रस्त्यालगतचे प्रीमियर मैदान आज अनेकांना सभांमुळे माहीत आहे, पण त्याचे नाव या कंपनीवरून पडले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्सच्या प्युजोशी भागीदारी करून येथे ‘प्युजो ३०९’ बनू लागली. खुल्या बाजारातली स्पर्धा आणि कामगारांशी झालेले वाद यांत तो उपक्रम काही वर्षांतच आटोपला. बंद बाजारात ग्राहक वर्षानुवर्षे थांबत असे, त्यामुळे जुनी रचना बदलण्याची घाई कंपनीला नव्हती. बाजार उघडला तेव्हा उशीर झाला होता.

पॅडल शिफ्टमध्ये नवे काय आहे?

पद्मिनीत क्लच पायाने दाबून दांडा हाताने हलवावा लागे. ड्युएल क्लचमध्ये दोन क्लच असतात. एक १, ३, ५ या विषम गिअरसाठी, दुसरा २, ४, ६ या सम गिअरसाठी. गाडी तिसऱ्यात असताना चौथा आधीच तयार असतो, त्यामुळे गिअर क्षणात आणि धक्क्याशिवाय बदलतो. ही कल्पना फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस यांनी १९३० च्या दशकाअखेरीस मांडली होती. सर्वसामान्य मोटारीत ती २००३ मध्ये फोक्सवॅगनने आणली. भारतात २०२२ मध्ये टाटांनी ती अल्ट्रोझ या छोट्या गाडीत दिली, तर ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनमध्ये तिच्या जोडीला पॅडलही आले.

कोंडीत ही गाडी कशी चालवावी?

या गाडीत क्लच पेडल नसले, तरी क्लच असतोच. इंचाइंचाने पुढे सरकताना तो घसरत राहतो आणि तापतो. कोरड्या प्रकारात हे अधिक जाणवते, तेलात बुडालेला क्लच उष्णता जास्त सोसतो. म्हणून पुढे थोडी मोकळी जागा होऊ द्यावी आणि मग गाडी हलवावी. चढावर गाडी अॅक्सिलरेटरने रोखून धरू नये, ब्रेक वापरावा. घोडबंदर मार्गावरील गायमुख घाट उतरताना डावे पॅडल दाबून खालचा गिअर घ्यावा, म्हणजे इंजिनच वेग रोखते आणि ब्रेकवर ताण येत नाही.

निष्कर्ष काय?

गाडी येथे जोडायची की येथे घडवायची, हा वालचंद यांचा प्रश्न होता. पद्मिनीने त्याचे अर्धे उत्तर दिले : ती येथे घडली, पण काळाबरोबर बदलली नाही. गिअरबॉक्स आता संगणकाच्या आज्ञेने चालतो. तो येथे बनण्याइतकेच त्याची पुढची पिढी येथे घडणेही महत्त्वाचे आहे, हे डोंबिवलीच्या बंद कारखान्याचे सांगणे आहे.