कानातले पाणी आणि संशोधनाचा पैसा

भोवळ हा आपल्याकडे रोग मानला जात नाही. ती अशक्तपणाची खूण मानली जाते. कंधार-देगलूरकडून नांदेडला किंवा उदगीर-अहमदपूरकडून लातूरला आलेला माणूस गरगरते म्हणून सांगतो आणि पुष्कळदा एखादी सलाईनची बाटली व टॉनिक यांवर समाधान मानून परततो. तोलाचे इंद्रिय अंतर्कर्णात असते आणि ते बिघडले की त्याची साक्ष डोळे देतात, हे शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकातच कळू लागले होते. परंतु हे ज्ञान रुग्णाच्या खाटेपाशी आणून ठेवले ते रॉबर्ट बारानी यांनी. संशोधनाला पैसा लागतो तो नेमका कशासाठी, या वादात त्यांचे चरित्र आवर्जून पाहण्याजोगे आहे.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील एका जमीनदारीचे कारभारी, आणि सहा भावंडांत रॉबर्ट थोरले. लहानपणी हाडांच्या क्षयाने गाठले व एक गुडघा कायमचा ताठ झाला. तरीही टेनिस आणि गिर्यारोहण या दोन्ही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. १९०० साली वैद्यकीची पदवी घेऊन काही काळ जर्मनीत अनुभव मिळवल्यावर ते व्हिएन्नातील प्राध्यापक पोलित्झर यांच्या कर्णरुग्णालयात कनिष्ठ पदावर रुजू झाले.

तेथे रोजचे काम म्हणजे रुग्णांचे कान पिचकारीने धुणे. कान धुताना काहींना चक्कर येई. हे सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच कोणी त्याकडे पाहत नसे. बारानी यांनी पाहिले, आणि तेही रुग्णाच्या कानाकडे नव्हे तर डोळ्यांकडे. चक्कर येत असताना बुबुळे एका दिशेने हळू सरकत व झटक्याने परत येत. यालाच नेत्रदोलन म्हणतात. एका रुग्णाने सांगितले की पाणी पुरेसे ऊन नसले तरच आपल्याला गरगरते. तेव्हा पाणी अधिक तापवून घेतले, तर ते फारच कढत झाल्याची तक्रार आली, आणि या वेळी डोळे उलट दिशेने हेलकावत होते. याचा उलगडा त्यांना पाणी तापवण्याच्या बंबावरून सुचला. बंबात ऊन पाणी वर चढते, गार खाली बसते. कानातील अर्धवर्तुळाकृती नलिकेतला द्रव तापला वा निवला की तोही असाच वाहू लागत असणार. मग डोक्याची ठेवण बदलली तर प्रवाहाची आणि डोळ्यांचीही दिशा बदलायला हवी. त्यांनी तसे करून पाहिले, ती बदलली. आणि ज्या कानातले तोलाचे इंद्रिय निकामी झालेले असे, त्या बाजूला डोळे हलतच नसत. १९०६ साली हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या शोधाचा जमाखर्च मांडला तर साहित्याच्या सदरात पिचकारी आणि ऊन-गार पाणी यापलीकडे फारसे काही नाही. खरा खर्च वेगळाच होता: नाना तऱ्हेचे रुग्ण सतत येत राहतील असे मोठे रुग्णालय, आणि तेच ते काम वर्षानुवर्षे लक्ष देऊन करणारा माणूस. अंदाजपत्रकात यंत्रसामग्रीला रकाना असतो, या दुसऱ्या गोष्टीला सहसा नसतो.

पहिल्या महायुद्धात ते स्वेच्छेने लष्करी वैद्यकसेवेत गेले, प्शेमिशलचा किल्ला पडताच १९१५ साली रशियनांचे कैदी झाले आणि मध्य आशियातील मर्व येथील छावणीत हिवतापाने ग्रासले. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाल्याचे जाहीर झाले ते या बंदिवासातच. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीने मध्यस्थी केली, तेव्हा १९१६ साली सुटका झाली. मायदेशी सत्कार व्हावा, तर सहकाऱ्यांनी पूर्वसूरींचे श्रेय डावलल्याचा ठपका ठेवला. व्हिएन्नाने जे दिले नाही ते स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने दिले. १९१७ पासून ८ एप्रिल १९३६ रोजी मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. बंबाच्या उपमेचे पुढे काय झाले हेही सांगण्याजोगे आहे. १९८३ साली अवकाशातील स्पेसलॅबमध्ये, जेथे ऊन द्रव वर चढण्याचा प्रश्नच नाही, तेथेही हे नेत्रदोलन आढळले. बारानींचा खुलासा अपुरा ठरला; त्यांची चाचणी मात्र टिकली.

असे काम आपल्याकडे होत नाही, असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ साली नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रुग्ण झोकांड्या खात चालत आणि नजर एका वस्तूवरून दुसरीकडे नेताना त्यांचे डोळे विलक्षण मंद गतीने फिरत. अशा विकाराच्या एका प्रकारास कारण असलेले जनुक १९९६ साली सापडले, आणि १९९८ साली वाडियांनीच सहा भारतीय घराण्यांच्या जनुकीय तपासणीवरून त्या मंद नजरेचे निदानातील महत्त्व पुन्हा दाखवून दिले. मधली सत्तावीस वर्षे हे या कामाचे खरे भांडवल होय.

नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन्हीकडे रुग्णांची वाण नाही. बारानी यांनीच १९२१ साली वर्णिलेली एक भोवळ अशी आहे की ती अंथरुणावर कूस बदलताच येते. १९५२ साली डिक्स व हॉलपाइक यांनी तिच्या तपासणीची पद्धत घालून दिली. कानातील सुटे झालेले कण डोके ठरावीक क्रमाने वळवून जागी नेले की पुष्कळ रुग्णांना काही मिनिटांत आराम पडतो. तपासणीला लागते एक खाट आणि डोळ्यांकडे पाहणारा डॉक्टर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ पासून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या अल्पशा विद्यावेतनाची योजना राबवली आहे. त्या धर्तीवर या दोन महाविद्यालयांतील दोन-दोन विद्यार्थ्यांना दरवर्षी भोवळीच्या रुग्णांची नोंदवही ठेवण्यासाठी पैसे द्यावेत, आणि त्याच अनुदानात रुग्णाला सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला येण्यासाठी एस.टी.चे भाडेही धरावे. शेतमजुराला ते भाडे आणि बुडालेला रोज परवडत नाही, म्हणून तो परत येत नाही, आणि तो परत आला नाही म्हणजे नोंदवही अर्धवट राहते.