पुण्यतिथी विशेष : तुकडोजी महाराजांना भजन सुचायचं तरी कसं?

पांढुर्णा : अश्विन वद्य पंचमी आली की संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी गुरुदेवभक्त जिथे असतील तिथे हात जोडून उभे राहतात. 11 ऑक्टोबर 1968 रोजी, याच तिथीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजात देह ठेवला. मौन संपलं की खंजिरी वाजते आणि भजनं सुरू होतात. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना हातात वही लागत नाही.

महाराजांनी मराठी आणि हिंदीत मिळून हजारो भजनं रचली. शाळा तर जेमतेम काही इयत्तांचीच झालेली. गाणं शिकवणारा कोणी नामांकित उस्तादही नव्हता. मग एवढी भजनं सुचली कुठून?

शिंप्याच्या घरातला माणिक

30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला त्यांचा जन्म झाला. नाव माणिक बंडोजी इंगळे. वडील शिवणकाम करायचे, आईचं नाव मंजुळाबाई. घराणं ब्रह्मभटांचं, म्हणजे दुसऱ्यांची कीर्ती गाऊन सांगण्याची परंपरा असलेलं. घरात पैसा नव्हता, पण शब्द तालात बसवायची सवय रक्तातच होती म्हणायची.

पोराचं ध्यान पाटी-पुस्तकापेक्षा देवळातल्या भजनात जास्त. वरखेडला आडकोजी महाराजांचा सहवास लाभला. तिथली एक गोष्ट आजही सांगितली जाते. माणिक तुकोबांचे अभंग गायचा, शेवटी अर्थातच तुकोबांचीच मुद्रा यायची. आडकोजींनी त्याला स्वतःचं नाव घालून म्हणायला सांगितलं आणि नाव दिलं तुकड्या. पुढे भजनाच्या शेवटी तुकड्यादास ही मुद्रा येऊ लागली. दुसऱ्याचं गाणं म्हणता म्हणता पोरगा स्वतःच्या गाण्यापर्यंत पोहोचला तो असा.

जंगल आणि खंजिरी

1921 मध्ये आडकोजींनी समाधी घेतली. त्यानंतर माणिक घरात टिकला नाही. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, चिमूरजवळचं गोंदोडा, अशा रानावनांत तो हिंडला. सालबर्डी आपल्या भागातल्या लोकांना नवी नाही. वरुड-मोर्शीकडून गेलं की डोंगरातलं हे महादेवाचं ठिकाण लागतं, आणि तिथेच महाराष्ट्र संपून बैतूल जिल्हा सुरू होतो. 1935 मध्ये महाराजांनी मोठा यज्ञ केला तो इथेच, आणि त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला.

जंगलात एकांत मिळाला, पण महाराज तिथे कायमचे बसून राहिले नाहीत. हातात खंजिरी घेऊन ते गावात आले. खंजिरी म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं आणि कडेला छोट्या झांजा. वाद्य साधं आणि हलकं, खांद्याच्या झोळीत मावेल एवढं. पेटी-तबल्यासाठी बैठक मांडावी लागते, खंजिरीला पारावरची जागा पुरते. तिचा ठेका आखूड आणि ठसक्याचा, म्हणून ओळही आखूड लागते. लांबलचक संस्कृत शब्द त्यात अडकतात, शेतात बोलला जाणारा शब्द पटकन बसतो. महाराजांच्या भजनांची भाषा अशी सोपी का, याचं निम्मं उत्तर त्यांच्या हातातल्या वाद्यात आहे.

आधी चाल, मग शब्द

दुसरं निम्मं उत्तर त्यांच्या पुस्तकांतच छापलेलं आहे. त्यांच्या हिंदी भजनांच्या संग्रहाचं नाव आहे लहर की बरखा. लहर येते आणि पाऊस पडावा तशी भजनं येतात, असं हे नाव. पण पानं उलटली की दिसतं, भजनाच्या वर तर्ज दिलेली असते. म्हणजे हे भजन कोणत्या ओळखीच्या चालीवर म्हणायचं ते आधीच सांगून ठेवलेलं. कित्येक भजनांखाली गाव आणि तारीख आहे. आज इथे, उद्या तिथे, मुक्कामामागे मुक्काम.

म्हणजे लहर आभाळातून पडत नव्हती. लोकांच्या कानात आधीपासून जी चाल होती, तिच्यावर महाराज नवे शब्द चढवत. समोर दारूने बसलेलं घर दिसलं, विहिरीवर शिवाशिव दिसली, देवापुढे कापलेलं बकरं दिसलं, गल्लीतली घाण दिसली, की तो विषय त्या चालीत उतरायचा. लोकांना चाल शिकावी लागत नव्हती, त्यामुळे एकदा ऐकलेलं भजन दुसऱ्या दिवशी शेतावर गुणगुणलं जायचं. पुढे 41 अध्याय आणि 4675 ओव्यांची ग्रामगीता झाली, तिचंही मूळ या गावोगावच्या फिरस्तीतच आहे.

भजनाची किंमत

गाणं नुसतं गोड असतं तर सरकारला त्याची भीती वाटली नसती. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटलं. झाडझुडपं शस्त्रं बनतील आणि भक्तांची सेना उभी राहील, अशा अर्थाचं महाराजांचं भजन तेव्हा तोंडोतोंडी होतं. गोळीबार झाला, माणसं गेली, अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं गेलं. वर्षाच्या अखेरीस ते सुटले.

सुटल्यावरही खंजिरी थांबली नाही. 1936 मध्ये वर्ध्याजवळ गांधीजींच्या आश्रमात वाजलेली तीच खंजिरी 1955 मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेतही वाजली.

सीमेच्या अलीकडे

महाराजांच्या उमेदीच्या काळात यावली, नागपूर, छिंदवाडा, सौसर, पांढुर्णा हे सगळं एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. राजधानी नागपूर. मराठी आणि हिंदी दोन्ही इथल्या बाजारात रोज चालायच्या, म्हणून महाराजांनी दोन्हीत रचना केली. 1 नोव्हेंबर 1956 ला प्रांत वाटले गेले, विदर्भ तिकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण कचेरीची भाषा हिंदीच आहे आणि बहुतेक मुलांची शाळाही हिंदीच.

घरात मराठी बोलणारं पण मराठी वाचताना अडखळणारं पोरगं इथे घरोघरी सापडेल. तेच पोरगं भजनी मंडळात आजोबांच्या शेजारी बसलं की मराठी भजन सरळ म्हणून जातं, आणि पुढचं हिंदी भजनही त्याच दमात. चाल त्याला ठाऊक असते, ठेका आजोबांच्या हातात असतो आणि शब्द आपोआप मागून येतात. महाराजांचं भजनही याच वाटेने आलं होतं.