अधिकाराचे शिक्षण : महाराजा सयाजीराव गायकवाड

इ. स. १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि बडोद्याच्या गादीला वारस शोधणे भाग पडले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनी २७ मे रोजी दत्तक घेतला तो नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव. शेतकरी घरात वाढलेल्या या मुलाला शिक्षणाचा गंध नव्हता आणि वाट्याला आले ते विसकटलेल्या कारभाराचे राज्य. हाच मुलगा पुढे महाराजा सयाजीराव (१८६३-१९३९) म्हणून कीर्तिमंत झाला. गादी दत्तकविधानाने मिळाली. ती सांभाळण्याची पात्रता मात्र त्यांना कष्टाने मिळवावी लागली.

इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला. राज्याची घडी दिवाण सर टी. माधवराव बसवीत होते. अधिकारग्रहणाचा काळ जवळ येताच, १८८१ मध्ये, माधवरावांनी तरुण महाराजांना राजाची कर्तव्ये व मर्यादा यांवर व्याख्याने दिली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सयाजीरावांच्या हाती पूर्ण सत्ता आली. तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी माधवरावांनी दिवाणपद सोडले.

आता अनुभवी हात दूर झाला होता. सयाजीरावांनी प्रांतोप्रांती दौरे काढून रयतेची स्थिती प्रत्यक्ष पाहिली. परंतु प्रत्येक बाब स्वतः तपासण्याच्या ध्यासात लहानसहान कागदही त्यांच्यापुढे येऊ लागले. या श्रमांनी प्रकृती ढासळली, निद्रानाश जडला आणि १८८७ मध्ये त्यांना प्रकृतीसाठी युरोपला जावे लागले. राजाने सर्व कामे स्वतः करावयाची नसतात, हा धडा त्यांना अशा रीतीने देहाची किंमत देऊन शिकावा लागला.

पुढे त्यांनी योग्य माणसे पारखून त्यांच्याकडे अधिकार सोपविले आणि कारभाराला लेखी नियमांची चौकट दिली. त्यांच्या दीर्घ परदेशवासावर टीका झाली, ती अगदीच निराधार नव्हती. तथापि त्यांच्या अनुपस्थितीतही राज्यकारभार चालू राहिला, हेही तितकेच खरे. घाईपेक्षा प्रयोगावर त्यांचा भर असे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सुरू झाले आणि अनुभव घेऊन १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात लागू करण्यात आले.

या वृत्तीचे परिपक्व फळ म्हणजे बडोद्याची ग्रंथालय चळवळ. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली आणि पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यांत पोहोचू लागली. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी वर्गणी जमवावी आणि त्या प्रमाणात प्रांत पंचायतीने व सरकारने भर घालावी, अशी ती योजना होती. सारा भार राज्याने उचलला असता, तर ग्रंथालय सरकारचे राहिले असते. लोकांचा वाटा पडला म्हणून ते गावाचे झाले. एकेकाळी प्रत्येक कागद स्वतः पाहणाऱ्या राजाने अखेर जबाबदारी थेट प्रजेच्या हाती दिली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथालय चालविणाऱ्या प्रत्येक पिढीने त्यांच्यापासून घ्यावयाचा वारसा हाच.