मिठाच्या कराचा हिशेब मांडणारे गोखले

जोतिबा (जि. कोल्हापूर) : चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचवीत, गुलालात न्हाऊन लाखो भाविक वाडी रत्नागिरीचा डोंगर चढतात. त्यांच्या शिदोरीत भाकरी असते आणि भाकरीत मीठ. आज त्या मिठावर वस्तू व सेवा कर नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र मिठागरातच त्यावर कर आकारला जाई आणि घाटावर येणाऱ्या मिठाच्या किमतीत तो आधीच मिसळलेला असे. तो कमी व्हावा म्हणून सरकारशी आकडेवारीने झुंजलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले याच परिसरात, कागल आणि कोल्हापूर येथे शिकले.

९ मे १८६६ रोजी गुहागरजवळच्या कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागलला नोकरीस होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांवर नोकरीस लागले. त्यातील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. इतक्या मिळकतीवर प्राप्तिकराचा प्रश्न नव्हता. मिठावरील करातून मात्र सुटका नव्हती.

राजाराम महाविद्यालयातून आरंभ करून गोखले १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुण्यात अध्यापन करीत असताना न्यायमूर्ती रानडे यांच्या देखरेखीखाली त्यांनी सरकारी अहवालांचा कसून अभ्यास केला. १८९७ मध्ये लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले.

त्या वर्षी सरकारजवळ सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक होती. अधिकाऱ्यांच्या मते ते भरभराटीचे लक्षण होते. दुष्काळाने आणि प्लेगने खचलेल्या देशात शिल्लक उरते, याचा अर्थ प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जातो, हे गोखले यांनी दाखवून दिले. मिठावरील कर कमी करावा आणि प्राप्तिकराची माफमर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर न्यावी, अशी त्यांची मागणी होती.

या मर्यादेचे मोल इंग्लंडशी तुलना केल्यावर कळते. तेथे १६० पौंडांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न करमुक्त होते. पौंडाला १५ रुपये या दराने ते २,४०० रुपये होतात. बोअर युद्धामुळे तेथील कराचा दर आपल्यापेक्षा जास्त होता हे खरे. पण सामान्य कारकुनापर्यंत तो पोहोचत नसे. येथे मात्र ५०० रुपये मिळविणाऱ्यालाही रुपयामागे चार पै मोजाव्या लागत. म्हणजे वर्षाला दहा रुपयांहून थोडे अधिक, जवळजवळ पाव महिन्याचा पगार.

१९०३ मध्ये माफमर्यादा १,००० रुपये झाली. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला.

तरीही गोखले कराचे विरोधक नव्हते. १९११ मध्ये मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात, शाळांसाठी स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसविता यावा, अशी तरतूद त्यांनी स्वतःच केली होती. घेतलेला पैसा प्रजेच्या कल्याणासाठी परत यावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. भावाच्या आठ रुपयांवर गोखले जेथे शिकले, तेथेच त्यांचे अपुरे राहिलेले काम मार्गी लागले. कर किती घेतला याबरोबरच त्याच्या मोबदल्यात घराला काय मिळाले, हा त्यांचा हिशेब आजच्या पगारदारालाही आपलाच वाटेल.