उंच माणसाची गोष्ट

‘वर हवा कशी आहे रे?’ असं उंच मित्राला आपण सहज विचारतो. मग रॉबर्ट वॅडलोबद्दल वाचाच. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या आल्टन गावी जन्मलेला हा पोरगा पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडामुळे वाढतच राहिला, थेट ८ फूट ११ इंचांपर्यंत! गाडीत पाय मावावेत म्हणून वडिलांनी पुढची सीटच काढून टाकली. वकील व्हायला १९३६ मध्ये कॉलेज गाठलं, पण ते अर्धवटच राहिलं. सर्कशीत गेला तेव्हाही सोंग नको, साधेच कपडे, ही त्याची अट. पायांतली संवेदना कमी झालेली. १९४० मध्ये आधाराचा ब्रेस घोट्याला घासला, जखम चिघळली आणि २२व्या वर्षी तो गेला. शवपेटी उचलायला १२ जण लागले. पुढच्या वेळी चिडवताना एवढं आठवा, दोस्तांनो.