बेलिफाचा मुलगा वकील झाला

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, हे आपल्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. पण ते कायदा शिकलेले वकील होते, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून मी तेवढेच लिहिणार आहे.

त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे कोर्टाचे समन्स घरोघर पोचवणारा, जप्तीला जाणारा माणूस. यशवंतराव लहान असतानाच वडील प्लेगने गेले. मग थोरले भाऊ ज्ञानोबा बेलिफ झाले. म्हणजे कोर्टाचे नाव घरात रोजचेच, पण ते दारातल्या चाकरीचे! आई विठाबाईंना लिहितावाचता येत नव्हते, तरी त्यांनी मुलांची शाळा सुटू दिली नाही.

कराडच्या टिळक हायस्कूलात असताना १९३२ साली त्यांना सत्याग्रहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. कोर्टात ते आधी उभे राहिले ते आरोपी म्हणून, बरं का! सुटल्यावर १९३४ ला मॅट्रिक, १९३८ ला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए. आणि मग पुण्याचे लॉ कॉलेज.

कायदाच का? मला वाटते, तुरुंगात जाऊन आलेल्या पोराला सरकारी नोकरी कोण देणार? वकिलीत आपण आपले धनी. घरात चार पैसे येतात आणि चळवळही करता येते. टिळक, गांधीजी, नेहरू हेही कायदाच शिकले होते. पण नुसते पुस्तक धरून बसणे यशवंतरावांना जमले नाही. १९३९ ला महायुद्ध पेटले, १९४० ला ते सातारा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. एकीकडे सभा, दुसरीकडे कायद्याची कलमे. तरी १९४१ साली ते एल्एल.बी. झाले. विठाबाईंना केवढा आनंद झाला असेल!

कराडात वकिली सुरू झाली. २ जून १९४२ ला लग्न झाले. नवरी कुठली? आपल्या फलटणची! मोऱ्यांच्या वेणूताई. पण दोनच महिन्यांत चले जाव चळवळ आली आणि नवे वकीलसाहेब भूमिगत झाले. त्याचा त्रास घरच्यांना झाला. वेणूताईंना पोलिसांनी पकडून तुरुंगात टाकले. लग्नाला वर्षही झाले नव्हते. सुटून आल्या त्या आजारीच, फलटणला माहेरी होत्या. त्यांना बघायला यशवंतराव १९४३ साली इथे आले आणि इथेच पकडले गेले. पकडतील हे कायदा शिकलेल्या माणसाला कळत नव्हते का? कळत होते, तरी आले. मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते.

१९४६ ला ते निवडून आले, आणि वकिली मागे पडली ती पडलीच. वेणूताईंची तब्येत मात्र पुढेही नाजूकच राहिली.