पहिल्या महिला वकिलाची साक्ष

न्यायालयाच्या दप्तरात निकाल जपला जातो. तो मिळविण्यासाठी झगडलेल्या वकिलाचा अनुभव मात्र जपला जात नाही. भारतातील पहिल्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी यांचे आयुष्य आज सविस्तर सांगता येते, ते त्यांनी रोजनिशी, पत्रे आणि ग्रंथ मागे ठेवले म्हणून. ज्यांना लिहिण्याची सवड वा सवय नव्हती, अशा त्यांच्यानंतरच्या स्त्री-वकिलांचे काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातूनच उभा राहतो.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १८६६ साली नाशिकचा. वडील पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत. कारभाऱ्यावर विश्वासून कागदावर सही केली आणि मालमत्ता गमावून बसली, अशी एक विधवा आईकडे दाद मागण्यास आली होती. तो प्रसंग मुलीच्या मनावर कायमचा कोरला गेला. डेक्कन कॉलेजातील त्या पहिल्या विद्यार्थिनी. पदवी परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. परंतु त्या यशाबरोबर येणारी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी उभारला आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ साली तेथील कायद्याच्या परीक्षेस बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी हाती पडण्यास मात्र १९२२ साल उजाडले.

स्वदेशी परतल्यावरही दारे बंदच होती. १८९६ साली पुण्याच्या न्यायालयात त्या सनद नसतानाच आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. पुढे मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. व अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, तरीही सनद मिळेना. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली आणि बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. पडदानशीन जमीनदारिणींना परपुरुषाशी बोलण्याची मुभा नव्हती. त्यामुळे वकिलापर्यंत त्यांचे गाऱ्हाणे पोचतच नसे. कॉर्नेलियाबाई अंतःपुरात जाऊन ते ऐकून घेत, हिशेब तपासत, अल्पवयीन वारसांच्या शिक्षणाची व्यवस्था लावीत. वीस वर्षांत सुमारे सहाशे स्त्रिया व मुले यांचे हितसंबंध त्यांनी सांभाळले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ साली त्यांना वकील म्हणून मान्यता दिली. १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीचा हक्क मिळाला. तेव्हा कॉर्नेलियाबाईंचे वय सत्तावन्न होते. कलकत्त्यात काही वर्षे वकिली करून १९२९ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९५४ साली लंडनमध्ये निधन पावल्या.

राजकारणात त्या ब्रिटिश सत्तेच्या पक्षपाती होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला आणि कॅथरिन मेयोच्या वादग्रस्त पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळे स्वकीयांत त्या एकाकी पडल्या. हा दोष झाकण्याचे कारण नाही. पण त्यापायी त्यांचे कार्य विस्मरणात ढकलणेही न्यायाचे नव्हे.

आणखी एक उणीव अधिक विचार करण्याजोगी आहे. त्या सहाशे जणांपैकी बहुतेकांची ओळख आज होते ती कॉर्नेलियाबाईंच्याच लेखणीतून, त्यांच्या आवडीनिवडींसह. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर शहाणा न्यायाधीश विसंबत नाही. इतिहासानेही विसंबू नये. १९२३ नंतर मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा-लाम आल्या, त्यांच्यामागून जिल्ह्याजिल्ह्यांच्या न्यायालयांत कितीतरी स्त्रिया उभ्या राहिल्या. पहिले वकीलपत्र कोणी दिले, अशिलाच्या नातेवाइकांची नजर कशी होती, सहकाऱ्यांनी बसायला जागा दिली की नाही, हे निकालपत्रात सापडणार नाही. ते केवळ स्मरणात असते आणि माणसाबरोबर जाते. वकील संघांनी व विधी महाविद्यालयांनी आपल्या गावातील वयोवृद्ध स्त्री-वकिलांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात ठेवाव्यात. यास खर्च फारसा नाही. विलंबाची किंमत मात्र भरून येणारी नाही.